जुन्या गाडीला मोठे ब्रेक : जंगलातल्या रस्त्याचा हिशेब

चंद्रपूर शहराची हद्द ओलांडून मूलकडे निघाले, की लोहारा, चिचपल्ली, केळझर या गावांच्या दरम्यान रस्ता जंगलातून जातो. सागवान आणि बांबूच्या रानातून चितळांचा कळप, रानडुक्कर, नीलगाय आणि एखाद्या वेळी वाघही डांबरावर येऊन उभा राहतो. दिवेलागणीला गुरे घराकडे परततात तीही याच रस्त्याने. गडचिरोली जिल्ह्यात आलापल्ली-एटापल्ली भागात सूरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक, तर कोरचीकडे बेडगावचा घाट. अशा मुलुखात गाडी किती वेगाने धावते यापेक्षा ती किती अंतरात थांबते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरावा, यात नवल नाही.

या दोन जिल्ह्यांत जुन्या गाड्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे आहे. महिंद्रची जीप, मारुती जिप्सी, मारुती ८००, क्वचित एखादी अॅम्बेसेडर. ज्यांचे उत्पादन थांबून वर्षे लोटली अशा गाड्या येथे अजून शेतावर जातात, लग्नाची वऱ्हाडे नेतात, ताडोब्याच्या वेशीवर पर्यटकांना फिरवतात. या गाड्या ज्या काळात घडल्या, त्या काळात चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा सर्वसामान्य गाडीत नव्हती. भारतात सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ पासून. त्यामुळे सुट्या भागांच्या बाजारात मोठ्या डिस्क, रुंद कॅलिपर, भोके पाडलेल्या चकत्या सहज मिळू लागल्यावर हौशी तरुणांनी घराच्या अंगणातच हा बदल करून पाहण्याचे मनावर घेतले, तर ते स्वाभाविक आहे. मात्र या खटाटोपातून नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे पाना हाती घेण्यापूर्वीच समजून घेतलेले बरे.

ब्रेक म्हणजे मूलतः उष्णता निर्माण करणारे यंत्र होय. एक टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग ८० झाला की तीच सुमारे २४७ किलोज्यूल होते. वेग एकतृतीयांशाने वाढला, ऊर्जा मात्र पावणेदोन पटींहून थोडी अधिक झाली. गाडी थांबवायची तर ही सारी ऊर्जा ब्रेकच्या लोखंडात उष्णतेच्या रूपाने मुरवावी लागते. मोठी, जाड डिस्क अधिक उष्णता सामावून घेते आणि लवकर थंड होते. शिवाय पॅडची पकड आसापासून दूर पडत असल्याने तेवढ्याच दाबात चाकावर अधिक जोर येतो. मोठ्या ब्रेकचे गुण म्हणून जे सांगितले जातात, ते मुख्यतः हे दोनच.

पण गाडी अखेर थांबवतो तो टायर. कोरड्या रस्त्यावर पेडल जोराने दाबल्यावर चाके जाम होऊन घसरत असतील, तर याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. अशा गाडीला दुप्पट मोठी डिस्क बसवली, तरी अचानक लावलेल्या पहिल्या ब्रेकचे अंतर वाचत नाही. रस्ता आणि रबर यांच्यातील घर्षणाची मर्यादा कोणत्याही कॅलिपरला ओलांडता येत नाही. झिजलेल्या किंवा आठ-दहा वर्षांत दगडासारख्या कडक झालेल्या टायरवर महागडे ब्रेक बसवणे म्हणजे फाटक्या चपलेला चांदीची बक्कल लावण्यासारखे आहे.

थोडे अंकगणित येथे उपयोगी पडेल. समोर जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरू. थकलेल्या चालकाला याहून अधिकच लागतो. ताशी ६० च्या वेगात तेवढ्यात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. बऱ्या टायरवर, कोरड्या डांबरावर त्यापुढे थांबण्यास साधारण २० मीटर लागतात. एकूण ३७ मीटर. ताशी ८० वेग असेल तर २२ आणि ३६, म्हणजे एकूण ५८ मीटर. मात्र खरी धास्ती वाटावी ती पुढच्या गोष्टीने. ६० च्या वेगातील गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असते, त्याच ठिकाणी ८० ने आलेली गाडी अजून ताशी ६० च्या आसपास धावत असते. पावसात घर्षण बरेच कमी होते आणि ६० च्या वेगालाही ५० मीटरहून अधिक अंतर लागू शकते. हा फरक भरून काढील असा ब्रेक कोणत्याही दुकानात मिळत नाही.

मग मोठे ब्रेक निरर्थक आहेत काय? तसे मुळीच नाही. पुन्हा पुन्हा ब्रेक लावावे लागतात तेथे त्यांची किंमत कळते. भरलेली जीप बेडगावच्या घाटातून उतरताना ड्रम तापतो, तापून किंचित प्रसरण पावतो, लायनरचे घर्षण मंदावते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. मागे ट्रॉली जोडलेली असेल तर हे आणखी लवकर घडते. तथापि आपल्या भागात घाट थोडे आणि पाणी फार. डिस्क ब्रेकच्या बाजूने बोलणारे खरे कारण हे पाणीच होय. पावसाळ्यात भामरागड, सिरोंचा, एटापल्लीकडच्या वाटांवर नाले ओलांडावे लागतात. ड्रम हा बंद डबा असल्याने त्यात शिरलेले पाणी आणि गाळ आतच राहतो. नाला पार केल्यावर पेडल दाबावे तर शू नुसते घसरतात. चालक चाणाक्ष असेल, तर हलका पाय ठेवून शंभर-दोनशे मीटर गाडी नेतो आणि लायनर वाळवतो. डिस्क उघडी असते. चाकाच्या काही फेऱ्यांतच तिच्यावरचे पाणी फेकले जाते. तेव्हा चारही चाकांना ड्रम असलेल्या जुन्या जीपला पुढे डिस्क बसवणे हा या दोन जिल्ह्यांत शहाणपणाचा बदल ठरू शकतो. जिप्सीला पुढे डिस्क मुळातच आहेत. तेथे त्या आणखी मोठ्या करण्याची निकड फारशी दिसत नाही.

परंतु जीपचा हा बदल केवळ डिस्क, कॅलिपर आणि ब्रॅकेट बसवून पुरा होत नाही. ड्रममधील एक शू चाकाच्या फिरण्याने स्वतःच आत खेचला जातो आणि चालकाच्या पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. त्यामुळे बूस्टर नसलेल्या जीपला डिस्क लावल्या, की पेडल दगडासारखे कठीण लागते आणि गाडी पूर्वीपेक्षाही उशिरा थांबते. बूस्टर बसवावा, तर त्याला व्हॅक्यूम हवा. पेट्रोल इंजिन तो स्वतः निर्माण करते. डिझेल इंजिनाला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि कित्येक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीशी जोडलेला असतो. जुन्या अल्टरनेटरला तो नसेल, तर तोही बदलणे आले.

यानंतर मास्टर सिलिंडर. अगदी जुन्या जीपमध्ये तो पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूस असतो आणि चारही चाकांना एकाच नळीतून तेल पुरवतो. एखादा रबरी होज फुटला, की चारही ब्रेक एकदम जातात. या गाड्यांतली सर्वांत मोठी त्रुटी ड्रमचा आकार नसून ही एकेरी व्यवस्था आहे. दोन स्वतंत्र कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवला, तर एक बाजू निकामी झाली तरी दुसरी गाडी थांबवते. पैसे एकाच बदलापुरते असतील, तर ते डिस्कऐवजी येथे खर्च करावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय ड्रमसाठी केलेल्या काही मास्टर सिलिंडरांत नळीत थोडा दाब कायम राखणारी झडप असते. ती तशीच ठेवून डिस्क जोडली, तर पॅड चकतीला सतत घासत राहतात. गाडी जड चालते, चाक तापते आणि कारण मात्र सापडत नाही.

पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल हा तर या विषयाचा गाभाच आहे. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून पुढच्या चाकांवर अधिक काम सोपवलेले असते. हे प्रमाण कंपनीने चाचण्या घेऊन ठरवलेले असते. केवळ पुढचे ब्रेक बेसुमार मोठे केले, तर पुढची चाके लवकर जाम होतात, स्टिअरिंग ऐकत नाही आणि मागचे ब्रेक हातपाय न हलवता बसून राहतात. याउलट मागचे ब्रेक जबर झाले तर मागची चाके आधी जाम होतात, आणि ओल्या रस्त्यावर गाडी क्षणात स्वतःभोवती फिरते. दोन्हींत हे दुसरे अधिक घातक. म्हणून निरनिराळ्या गाड्यांचे भाग गोळा करून जोडकाम करण्याऐवजी त्याच मॉडेलच्या नंतरच्या किंवा वरच्या आवृत्तीतील मास्टर सिलिंडर, बूस्टर, कॅलिपर आणि डिस्क असा पूर्ण संच घ्यावा. छोट्या मोटारींत आणखी एक अडचण येते. बारा इंची चाकाच्या पोटात मोठी डिस्क मावतच नाही. मग मोठे चाक, त्यासाठी वेगळा टायर, त्याने चुकणारा वेगदर्शक, आणि खड्ड्यांतून आदळणारे वाढीव वजन. एक हौस अशी चार खर्चांना बोलावून आणते.

पॅडविषयीही एक भ्रम फार पसरलेला आहे. शर्यतीसाठीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. थंड असताना ते साध्या पॅडहूनही कमी चावतात. जंगलातल्या रस्त्यावर वीस किलोमीटर ब्रेकला पाय न लावता आल्यानंतर एकाएकी चितळ आडवे येते. ते तुमचे पॅड तापेपर्यंत थांबत नाही. भोके पाडलेल्या डिस्क दिसायला झोकदार असतात, पण आपल्याकडच्या चिखलात त्या भोकांत गाळ बसतो आणि तापून-निवून भोकांच्या कडांना तडे जाण्याचा संभव असतो. साधी, आतून हवा खेळणारी डिस्क येथे पुरेशी आहे.

आता प्रत्यक्ष काम. जमीन सपाट आणि टणक हवी. गाडी केवळ जॅकवर ठेवून तिच्याखाली हात घालू नये. विटा, दगड, लाकडी ओंडके यांवरही विसंबू नये. लोखंडी घोड्या चेसिसखाली द्याव्यात आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावावी. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, त्यामुळे ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कॅलिपर होजला लोंबकळत सोडू नये, तारेने बांधून ठेवावा. हबचा गंज खरवडून काढल्याशिवाय नवी डिस्क बसवली, तर ती किंचित वाकडी फिरते आणि पेडलला थरथर येते. बोल्ट अंदाजाने आवळू नयेत. टॉर्क पाना उसना मिळाला तरी आणावा. रबरी होज जुने असतील तर याच वेळी बदलावेत, कारण बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजून तेल अडवू शकतो.

ब्रेक ऑइल हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. ते हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो; ओलावा मुरल्यावर १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. तेल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल कापसात रुतल्यासारखे खाली जाते. विदर्भातला पावसाळा काढणाऱ्या गाडीत दर दोन वर्षांनी ते बदलावे. सिलिकॉनयुक्त डॉट ५ मात्र यांत मिसळू नये. हवा काढताना गाडीच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. बहुतेक जुन्या गाड्यांत तो मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरू होतो. टाकी मध्येच रिकामी होऊ दिली, तर सारे पुन्हा पहिल्यापासून.

काम झाल्यावर गाडी थेट रस्त्यावर काढू नये. आधी पेडल कडक होईपर्यंत दाबून पाहावे, मग अंगणातच चालण्याच्या वेगात दोन-चार वेळा थांबवावी आणि प्रत्येक जोडाजवळ तेलाचा ओलावा आहे का ते पाहावे. नवे पॅड डिस्कवर बसवण्यासाठी मोकळ्या, सरळ रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत असे आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावावेत आणि प्रत्येक वेळी ब्रेकला थंड होण्यास अवकाश द्यावा. हे दिवसाउजेडी आणि अभयारण्यापासून दूर करावे, हे वेगळे सांगायला नको.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेले भाग बसवून वाहनात बदल केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कंपनीचे पॅड किंवा होज बदलणे ही दुरुस्ती झाली. ड्रमच्या जागी डिस्क आणि वेगळ्या मापाची चाके हा फेरफार मानला जाऊ शकतो. म्हणून एमएच ३४ असो वा एमएच ३३, आपल्या परिवहन कार्यालयात आधी लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना तपासणीस सामोरे जावेच लागते. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी. त्या वेळी सुट्या भागांच्या पावत्या आणि परवानगीचा कागद जवळ असला म्हणजे तपासनीसाशी वाद घालण्याची वेळ येत नाही. जुने ड्रम आणि शू भंगारात न देता ते प्रमाणपत्र हाती पडेपर्यंत घरीच ठेवावेत.