दूरस्थ संगणक-नियंत्रण
दूरस्थ संगणक-नियंत्रण : एका संगणकापुढे बसून दूरच्या दुसऱ्या संगणकावर काम करण्याची पद्धती. हीत दूरच्या पडद्याचे चित्र आंतरजालामार्गे इकडे येते आणि कळफलक व माउस यांचे संकेत तिकडे जातात. प्रत्यक्ष काम तिकडेच होते. पडद्याचा बदललेला भागच सामान्यतः पाठविला जात असल्याने मंद जोडणीवरही लेखनकाम भागते. चलच्चित्रे मात्र अडखळतात. केंब्रिज येथे विकसित झालेली व्हीएनसी आणि मायक्रोसॉफ्टची आरडीपी या प्रणाली १९९८ मध्ये उपलब्ध झाल्या.

मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर या पद्धतीचे महत्त्व एकाएकी वाढले. नागपूरच्या मिहान क्षेत्रातील कार्यालयाचा संगणक धरमपेठेतील घरून वापरता येतो. फाइली उतरवून घेण्याची सोय बंद ठेवल्यास कार्यालयाचे दप्तर घरच्या यंत्रात साठत नाही. तिकडचा संगणक बंद पडला, तर मात्र बहुधा मिहान गाठावेच लागते.

नियंत्रण सोपविले की पडद्यावरील सर्व काही परक्यासही दिसते. बँकेचा प्रतिनिधी असल्याचे भासवून अशी आज्ञावली मोबाइलवर घ्यावयास लावणे व खात्यातील रक्कम काढणे, असे प्रकार यातूनच घडतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याबाबत बँकांना सावध केले होते.