पुलाच्या पोटाला काळी पट्टी

सहा किलो दोनशे ग्रॅम! घरात महिन्याची साखर येते, जवळपास तेवढेच वजन. एवढ्याशा सामानाने एक मोठा पूल सावरला, असे कोणी सांगितले तर तुमचा विश्वास बसेल?

१९९१ साली स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नजवळच्या इबाख पुलावर हे घडले. नवे सिग्नल बसवण्यासाठी भोक पाडताना ड्रिल काँक्रीटमधल्या ताणलेल्या पोलादी केबलला लागले आणि तिच्या तारा तुटल्या. पोलादी पत्रे चिकटवायचे तर १७५ किलो लागले असते. 'एम्पा' या संशोधनसंस्थेचे प्रा. उर्स मायर यांनी त्याऐवजी कार्बन तंतूंच्या पातळ पट्ट्या सुचवल्या. परांची न बांधता, रात्रीच्या वेळी त्या इपॉक्सीने पुलाच्या तळाला चिकटवल्या गेल्या.

पुढे जगभर ही युक्ती पसरली. पण चिकटवलेली वस्तू वर्षानुवर्षे टिकेल का? घरातल्या तुटक्या कपाच्या कानाचा अनुभव आठवून ही शंका कोणालाही येईल आणि ती रास्तच आहे.

कार्बन गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण. काचतंतूंना मात्र काँक्रीटमधला अल्कली बाधतो. पण खरी नाजूक जागा आहे इपॉक्सीची. जागेवरच वाळणारे नेहमीचे इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागते. आपल्याकडच्या उन्हात तापलेला पूल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही अडचण कळेल. ओल मुरली तरी पकड सैल होते. ऊन थेट लागत असेल तर वरून रंगाचा थर हवाच. शिवाय कार्बन पोलादाला टेकला तर ओलाव्यात पोलाद उलट लवकर गंजते. म्हणून मध्ये इपॉक्सीचा सलग थर राखावा लागतो.

आणि आतल्या सळया आधीच गंजत असतील तर? ५ जुलै १९८६ रोजी गोव्यातला मांडवीवरचा पूल कोसळला, तो आतल्या केबल गंजल्याने. खारा अंश काँक्रीटमध्ये तसाच ठेवून वरून पट्टी मारणे म्हणजे पू न काढता मलमपट्टी करणे. गंज फुगत राहतो, काँक्रीटचा पापुद्रा सुटतो आणि पट्टी त्याच्यासकट निघते, तीही बहुधा अचानक. त्यामुळे पट्टीच्या किमतीपेक्षा मला चिंता वाटते ती आधीच्या घासण्या-पुसण्यात होणाऱ्या चालढकलीची.

तपासणीची पहिली रीत मात्र अगदी घरगुती आहे. बाजारात नारळ घेताना वाजवून पाहतो, तशी छोट्या हातोडीने पट्टी ठोकत जायचे. पोकळ आवाज आला, की खडूने तिथे खूण करायची.