ख्रिस्ती मूलतत्त्ववाद व राजकारण

ख्रिस्ती मूलतत्त्ववाद व राजकारण : बायबल हा ग्रंथ शब्दशः ईश्वरप्रेरित व निर्दोष असून श्रद्धा आणि आचार यांच्या सर्व बाबतींत तोच अखेरचा आधार होय, असे मानणाऱ्या प्रॉटेस्टंटपंथीयांच्या भूमिकेस ख्रिस्ती मूलतत्त्ववाद म्हणतात. कॅलिफोर्नियातील तेलव्यवसायी लायमन व मिल्टन स्ट्यूअर्ट या बंधूंच्या द्रव्यसाहाय्याने १९१० ते १९१५ या काळात द फंडामेंटल्स ही बारा भागांची निबंधमाला निघाली आणि धर्मोपदेशक व मिशनरी यांना विनामूल्य वाटण्यात आली. तिच्या नावावरून १९२० मध्ये अमेरिकन संपादक कर्टिस ली लॉज याने या भूमिकेच्या अनुयायांना ‘फंडामेंटलिस्ट’ हे नाव दिले. मराठीतील ‘मूलतत्त्ववाद’ हा त्याचाच पर्याय होय. पुढे हा शब्द सर्वच धर्मांतील कडव्या गटांना लावला जाऊ लागला आणि त्याचा मूळ अर्थ पुष्कळसा झाकला गेला.

बायबलची निर्दोषता, ख्रिस्ताचा कुमारीच्या उदरी जन्म, मानवाच्या पापांसाठी त्याने दिलेले बलिदान, त्याचे सदेह पुनरुत्थान आणि त्याच्या चमत्कारांची सत्यता, ही मूलतत्त्ववाद्यांची प्रमुख तत्त्वे. यांपैकी एकही राजकीय नाही. किंबहुना जॉन नेल्सन डार्बी (१८००–८२) याच्या युगविभागाच्या सिद्धांतानुसार जग उत्तरोत्तर बिघडत जाऊन ख्रिस्ताच्या पुनरागमनानेच सावरणार असल्यामुळे, राज्यव्यवस्था सुधारण्याची धडपड अनेक मूलतत्त्ववाद्यांना व्यर्थ वाटे. उत्क्रांतिवादाच्या अध्यापनावरून १९२५ मध्ये टेनेसी राज्यातील डेटन येथे जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. त्यात स्कोप्सला दंड झाला. परंतु वृत्तपत्रांनी मूलतत्त्ववाद्यांचा इतका उपहास केला, की त्यानंतर सुमारे अर्धशतक ते आपल्या चर्चसंस्था, विद्यालये व नभोवाणी कार्यक्रम यांतच रमले.

त्यांचे राजकारणात पुनरागमन झाले ते शासन त्यांच्या दारी आले तेव्हा. सार्वजनिक शाळांतील शासनपुरस्कृत प्रार्थना (१९६२) व बायबलवाचन (१९६३) अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले, १९७३ मध्ये गर्भपातास घटनात्मक संरक्षण दिले आणि १९७८ मध्ये खाजगी ख्रिस्ती शाळांच्या करसवलतीवर गदा येण्याची चिन्हे दिसू लागली. जेरी फॉलवेल याने १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली. ती १९८९ मध्ये विसर्जित झाली, तरी रिपब्लिकन पक्षाशी जुळलेले नाते टिकले. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गौरवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे चार-पंचमांश मते डॉनल्ड ट्रंप यांना मिळाली आणि २०२२ मध्ये गर्भपातविषयक निर्णय रद्दबातल झाला.

महाराष्ट्र : या अमेरिकन अनुभवावरून सर्वत्रच्या ख्रिस्ती मूलतत्त्ववादाचे अनुमान बांधण्याची प्रथा आहे, ती दोषास्पद वाटते. बायबलचे शब्दप्रामाण्य व आत्मिक जागृती यांचा असाच आग्रह धरणारा एक प्रवाह महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे वाहत आहे आणि त्याची राजकीय परिणती अगदी निराळी झाली आहे.

या प्रवाहाचे उगमस्थान पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यातील केडगाव हे होय. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतला. परंतु धर्मगुरूंचे अधिकार व त्रैक्याचा सिद्धांत यांविषयी तेथील अँग्लिकन भगिनींशी त्यांचा जो पत्ररूप वाद झाला, त्यावरून कोणत्याही चर्चसंस्थेपुढे मान तुकविण्याची त्यांची वृत्ती नव्हती, हे उघड होते. मुंबईत १८८९ मध्ये स्थापिलेले शारदा सदन पुढील वर्षी पुण्यास आले. तेथे मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, या आक्षेपावरून १८९३ मध्ये न्या. म. गो. रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. नंतर १८९६–९७ व १९०० च्या दुष्काळांतील निराधार स्त्रिया व मुली यांना केडगावच्या मुक्तिसदनात आश्रय मिळाला. या मुक्तिसदनात जून १९०५ मध्ये मोठी आत्मिक जागृती झाली : मुली पापांची कबुली देत रडत, सर्वजणी एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत व पवित्र आत्म्याच्या अग्नीचा अनुभव आल्याचे सांगत. नंतर मुलींची पथके भोवतालच्या गावांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागली. पेंटेकोस्टल पंथाचे उगमस्थान म्हणून सांगितली जाणारी लॉस अँजेल्सच्या अझूसा मार्गावरील सभा १९०६ मधील, म्हणजे केडगावनंतरची आहे. मुक्तिसदनातील मिनी एब्रम्स या मिशनरी बाईंनी जागृतीवर लिहिलेली पुस्तिका चिलीतील व्हालपाराइझो येथील हूव्हर दांपत्याकडे पाठविली आणि १९०९ च्या सुमारास तेथे पेंटेकोस्टल चळवळ उभी राहिली. केडगावच्या मुलींच्या प्रार्थनेचे पडसाद अशा रीतीने दक्षिण अमेरिकेत उमटले, ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी ज्ञात नाही.

रमाबाईंना मूलतत्त्ववादी म्हणणे कालविपर्यासाचे ठरेल. तथापि बायबलच्या शब्दावरील त्यांची निष्ठा त्याच जातीची होती. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मूळबरहुकूम व सोप्या मराठीत भाषांतर केले. हिंदू धर्मकल्पना सुचविणारे संस्कृत शब्द त्यांत कटाक्षाने टाळले आहेत. मुक्तिसदनाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी ते छापले आणि रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. राजकारणाविषयी त्यांची वृत्ती मात्र उदासीन नव्हती. काँग्रेसच्या १८८९ च्या मुंबई अधिवेशनास त्या उपस्थित होत्या. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर १८९७ मध्ये त्यांनी जाहीर पत्राद्वारे कठोर टीका केली आणि तो प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. धर्मनिष्ठेतून निघालेले हे राजकारण दुर्बलांच्या कैवाराचे होते. आपली नीती कायद्याने इतरांवर लादण्याचे नव्हते.

शेजारच्या शिरूर तालुक्याचा संबंध दुसऱ्या परंपरेशी येतो. पुणे–अहिल्यानगर मार्गावर रांजणगाव व कारेगावच्या पुढे असलेल्या शिरूर येथे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. त्या मिशनचे कार्य १८३१ पासून मुख्यतः अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात पसरले. याच मिशनमध्ये दीर्घ काळ कार्य केलेले रे. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला व बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात स्थान दिले. संतपरंपरेशी नाते सांगणारी टिळकांची वाट व अक्षरनिष्ठ केडगावची वाट, या दोहोंच्या ताणातून मराठी प्रॉटेस्टंट समाज घडला. पुढे उदार चर्चसंस्था १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) एकवटल्या; बायबलनिष्ठ गटांनी १९५१ मध्ये अकोला येथे ‘इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया’ ही संघटना उभारली. त्यांच्या पुढाकाराने यवतमाळ येथे १९५३ मध्ये सुरू झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मविद्यालय १९८३ मध्ये पुण्यास आले. हे गट मूलतत्त्ववादाहून सौम्य असून त्यांनी स्वतंत्र पक्ष काढला नाही वा मतदारांचा गठ्ठाही बांधला नाही.

याचे कारण संख्येत व सामाजिक स्थितीत शोधावे लागते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती १०.८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते; त्यांतही रोमन कॅथलिकांचा वाटा मोठा. याच्या उलट नागालँड व मिझोराम येथे ख्रिस्ती सत्त्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असल्याने चर्चसंस्थांच्या आग्रहावरून अनुक्रमे १९८९ व १९९७ पासून दारूबंदी अंमलात आली. सिद्धांत बव्हंशी तोच, परंतु बहुसंख्य समाजात तो कायद्याची भाषा बोलू लागतो आणि अल्पसंख्य समाजात संरक्षणाची. झँबिया १९९१ मध्ये ख्रिस्ती राष्ट्र म्हणून घोषित झाला व ब्राझीलमध्ये इव्हँजेलिकल मतदारांनी २०१८ ची अध्यक्षीय निवडणूक फिरविण्यास हातभार लावला, यांतूनही हेच दिसते.

भारतात राजकारणच या गटांच्या मागे लागले, असे म्हणणे अधिक योग्य होईल. विदर्भाचा समावेश असलेल्या तत्कालीन मध्य प्रदेशाच्या शासनाने १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालात परकीय पैसा, विशेषतः अमेरिकन, हा कळीचा मुद्दा होता. शीतयुद्धाची छाया त्यावर स्पष्ट दिसते. पुढे ओरिसा (१९६७) व मध्य प्रदेश (१९६८) येथे धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे झाले आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले. महाराष्ट्र शासनानेही अशा कायद्याच्या विचारासाठी २०२५ मध्ये सात सदस्यांची समिती नेमली.

भवितव्य : अमेरिकेत प्रौढ लोकसंख्येतील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण २००७ मध्ये सुमारे ७८ टक्के होते, ते २०२३–२४ च्या पाहणीत सुमारे ६२ टक्क्यांवर आले. संख्या घटत असता संघटित मतांचे बळ काही काळ टिकते, कदाचित वाढतेही. कारण गमावण्याची भीती माणसांना मतदानकेंद्रावर आणते. चळवळीचा गुरुत्वमध्य मात्र आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांकडे सरकत असून तेथील पेंटेकोस्टल नेतृत्व अमेरिकन पक्षनिष्ठेला बांधलेले राहील, असे नाही.

महाराष्ट्रात भवितव्याचा प्रश्न वेगळा आहे. औद्योगिक वस्त्यांतून मोठ्या चर्चसंस्थांशी न जोडलेल्या प्रार्थनासभा भरतात. त्यांना येणारे अनेकजण अनुसूचित जातींतील असतात आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ व बौद्धांना १९९० मध्ये हा निर्बंध लागू नसल्याचे ठरले. ख्रिस्ती व मुसलमान यांना तो लागू राहिला. परिणामी प्रार्थना एका धर्माची व दाखला दुसऱ्या धर्माचा, अशी दुहेरी अवस्था अनेकांच्या वाट्यास येते. अशा समाजाच्या राजकारणात उत्क्रांतिवाद वा गर्भपात यांना स्थान नाही. जातीचा दाखला, दफनभूमी व प्रार्थनेचे स्वातंत्र्य हेच त्याचे विषय आहेत. धर्मांतरित दलितांच्या दर्जाचा विचार करण्यासाठी केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला.