पंचनाम्यात न आलेले नुकसान



एरवी मी तुमच्याशी उसाची लागण, खोडवा नाहीतर हुमणी यांविषयी बोलतो. आजचा विषय शिवारातला नाही, तुमच्या घरातला आहे. घरातल्या तीन ते सात वर्षांच्या मुलाचा आहे.

गोष्ट २०१९ च्या ऑगस्टमधली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पूर ओसरल्यावर आम्ही शिरोळ तालुक्यात पंचनामे करत फिरत होतो. ऊस किती गेला, सोयाबीन किती कुजले, भिंती किती पडल्या, जनावरे किती वाहून गेली, सगळे लिहून घेत होतो. एका घरी गोठ्यात पाच वर्षांचा मुलगा रिकामे दावे हातात घेऊन बसला होता. त्याचे रेडकू पुरात गेले होते. माणसे दिसताच त्याने भोकाड पसरले.

आजी म्हणाली, "आरं गप की. बाप्या माणसानं रडायचं नसतंय."

आणि मी काय केले? "शहाणी मुले रडत नाहीत," असे म्हणून त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पुढच्या घरी गेलो. रेडकाची नोंद झाली. पोराची झाली नाही.

पुढे रब्बीत हरभऱ्याच्या प्रात्यक्षिकासाठी त्याच गावी गेलो, तेव्हा आजीने वेगळीच तक्रार सांगितली. पोरगा रात्री अंथरूण ओले करी. थोरल्या भावाला चावे. आभाळ भरून आले की कॉटखाली जाऊन बसे. आईने रागे भरून पाहिले, मारून पाहिले, दृष्टही काढून झाली.

उपाय अगदी साधा निघाला. अंगणवाडीच्या ताईंनी चित्रांची दोन-तीन पुस्तके घरी पाठवली होती. आजीला अक्षरओळख नाही. ती नुसती पाने उलटत होती. एका पानावर गाय आणि वासरू होते. पोराने वासरावर बोट ठेवले आणि म्हणाला, "आमच्या रेडकाला लई भ्या वाटलं आसंल."

या खेपेला आजी 'गप' म्हणाली नाही. म्हणाली, "व्हय रं, वाटलं आसंल. मलाबी भ्या वाटलं हुतं."

पोरगा तिच्या मांडीत तोंड खुपसून पोटभर रडला. एका रात्रीत सगळे ठीक झाले असे नाही. दोन-तीन महिने गेले. पण त्या दिवसापासून तो बोलू लागला, आणि बोलू लागला तसा सावरला.

आधी नाव, मग उपदेश

आपल्या मराठीत मनाच्या अवस्थांना केवढे शब्द आहेत पाहा. रुसणे वेगळे, रागावणे वेगळे, हिरमुसणे वेगळे. धास्ती, हुरहूर, हेवा, ओशाळणे, कानकोंडे होणे, प्रत्येकाची छटा निराळी. लहान मुलाजवळ यांतले काहीच नसते. त्याच्या आत कालवाकालव होते, पण काय होते आहे हे त्याला सांगता येत नाही. मग ते चावते, फेकते, नाहीतर गप्प बसते. आपण त्याला हट्टी म्हणतो.

राग आवरणारा मेंदूचा भाग पूर्ण पक्व व्हायला माणसाची विशी उलटावी लागते. पाच वर्षांच्या पोराकडून आपण पन्नाशीचा संयम मागतो, ही आपली चूक आहे. त्याने राग गिळावा असे म्हणण्याआधी त्याला कळायला हवे की हा राग आहे, तो सगळ्यांना येतो आणि जातोही.

चित्रांचे पुस्तक इथे उपयोगी पडते. स्वतःविषयी बोलायला मूल बिचकते. पुस्तकातल्या पोराविषयी मात्र ते मोकळेपणी बोलते आणि बोलता बोलता स्वतःचे सांगून जाते.

अमेरिकेत १९६३ साली मॉरिस सेंडाक यांचे एक पुस्तक निघाले. मॅक्स नावाचा मुलगा दंगा करतो, म्हणून आई त्याला न जेवता खोलीत पाठवते. संतापलेला मॅक्स मनाच्या होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होऊन धुडगूस घालतो आणि घरची आठवण आली की परत येतो. खोलीत त्याचे जेवण ठेवलेले असते आणि ते अजून गरम असते. गोष्ट एवढीच. राग आला म्हणून आईची माया आटत नाही, हे त्या गरम जेवणातून पोराला समजते. उपदेशाचा शब्द कुठे नाही.

आपल्याकडची परंपरा

ही सगळी परदेशातली खुळे आहेत, असे समजू नका. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. मुले बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आपली अंगणवाडी त्याच वाटेने आली. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मूल धाकाने नव्हे, आनंदाने शिकते हे प्रत्यक्ष करून दाखवले.

मराठीत माधुरी पुरंदरे यांची पुस्तके आवर्जून पाहा. 'चित्रवाचन' मध्ये चित्रे पाहायची आणि त्यांवर बोलायचे. 'राधाचं घर' मध्ये आपल्यासारखीच घरातली माणसे भेटतात. २०१४ साली साहित्य अकादमीने त्यांना बालसाहित्याचा पुरस्कार दिला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीतली चित्रपुस्तके फुकट वाचायला मिळतात. घरात मोबाइल आहेच, तर त्याचा हाही उपयोग करून घ्या.

गावच्या वाचनालयातही विचारा. कोल्हापूर संस्थानाने १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर १९६७ साली झाला. अशा जिल्ह्यातल्या वाचनालयात कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आणि बालवाडीच्या मुलाला हातात घ्यायला एक पुस्तक नाही, असे असू नये. मंडळाच्या बैठकीत हा विषय काढा.

घरी कसे करावे

वेळ रात्रीच्या जेवणानंतरची ठेवा. दहा मिनिटे पुरेत. मूल मांडीवर किंवा कुशीत असावे.

वाचता येत नाही म्हणून अडून राहू नका. चित्राला अक्षर लागत नाही. आजी-आजोबांना सवड असते, हे काम त्यांनीच उत्तम करावे.

घाई करू नका. "ह्याचं तोंड असं का झालंय?", "ह्याला काय वाटत असेल?" एवढेच विचारा आणि थांबा. मूल बोलले नाही तरी चालेल.

"बघ, तो कसा शहाण्यासारखा वागतो, नाहीतर तू!" असे चुकूनही म्हणू नका. पुस्तकाची छडी केलीत तर मूल पुस्तकाजवळ फिरकणार नाही.

तुमचेही सांगा. "लहानपणी मलाही अंधाराची भीती वाटायची," हे बापाच्या तोंडून ऐकले की पोराला धीर येतो. घरात दुसरे बाळ आले आणि थोरले रुसले, तर "तुला हेवा वाटतोय, वाटणारच," एवढे म्हणून त्याला जवळ घ्या. मात्र बाळाला चिमटा काढू देऊ नका. हेवा वाटला तर चालते, मारलेले चालत नाही, हा फरक त्याला याच वयात कळतो.

पुस्तक नसेल तर बनवा. जुन्या कॅलेंडरची पाने आतून कोरी असतात. ती दोऱ्याने शिवा आणि पोराला खडू द्या. घर, गोठा, पाऊस, जे येईल ते काढू दे.

आणि एक सावधगिरी. पुस्तक म्हणजे औषध नव्हे. मोठा धक्का बसलेले मूल कित्येक आठवडे झोपत नसेल, खात नसेल, बोलायचे थांबले असेल तर त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये पूर पुन्हा आला. मी पुन्हा पंचनाम्याला निघालो. या वेळी पिशवीत कागदांबरोबर चित्रांची पाच-सहा पुस्तके होती. मोठी माणसे नुकसान सांगत, तोवर पोरे ओट्यावर पाने उलटत. निघताना मी एकेकाजवळ बसून विचारी, "आणि तुझं काय गेलं रे?"

कोणी दप्तर सांगितले, कोणी कोंबडीची पिल्ले. त्यांची भरपाई माझ्या हातात नव्हती. पण विचारल्यावर एकही पोरगे गप्प राहिले नाही.

तुमच्या पोरालाही आज रात्री विचारून पाहा.