फ्रेंच वर्गांना मागणी उदंड. शिक्षक मात्र दुर्मीळ

परकी भाषा स्वतंत्र विषय म्हणून न शिकविता गणित, विज्ञान हे विषयच त्या भाषेतून शिकवायचे, ही 'इमर्शन' पद्धतीची मूळ कल्पना. कॅनडातील सरकारी शाळांत तिचा पाया १९६५ मध्ये मॉन्ट्रियलनजीकच्या सेंट लॅम्बर्ट येथे, इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहातून घातला गेला. या मुलांचे इंग्रजी मागे पडत नाही, असे मॅकगिल विद्यापीठातील अभ्यासात दिसून आले आणि हे वर्ग देशभर पसरले.

अडचण आहे ती शिक्षकांची. फ्रेंच अस्खलित बोलणारा एक वेळ मिळेल. पण त्याच भाषेतून लहान मुलाला हातच्याची वजाबाकी समजावून देणारा प्रशिक्षित शिक्षक क्यूबेकबाहेर सहजी मिळत नाही. साहजिकच जागा अपुऱ्या पडतात आणि अनेक ठिकाणी प्रवेश सोडतीने द्यावे लागतात.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. अभ्यासात अडखळणारी मुले बहुधा इमर्शन सोडून इंग्रजी वर्गात परततात. परिणामी विशेष मदतीची गरज असलेल्यांचा भार त्याच वर्गांवर पडतो आणि एका शाळेत जणू दोन शाळा भरू लागतात. हेच कारण पुढे करून न्यू ब्रन्सविक प्रांताने २००८ मध्ये पहिलीपासूनचे इमर्शन बंद करण्याचे ठरविले. पालक न्यायालयात गेले. अखेर प्रवेश तिसरीपासून देण्याचे ठरले. २०१७ मध्ये तो पुन्हा पहिलीवर आला. २०२२ मध्ये तर इमर्शनऐवजी सर्वांनाच निम्मा वेळ फ्रेंच व निम्मा वेळ इंग्रजी, असा प्रस्ताव आला. जाहीर सभांतील विरोधानंतर सरकारने तोही मागे घेतला.