कोणता आकडा मोठा?

एखादा जाणता शेतकरी उभ्या पिकाकडे पाहून सांगतो, "यंदा खत बरे पडले, पण पावसाने ओढ दिली." म्हणजे पिकाच्या कमीजास्तपणात खताचा वाटा निराळा, पावसाचा निराळा, असा हिशेब तो मनाशी मांडतो. हाच हिशेब कागदावर मांडायच्या रीतीला संख्याशास्त्रात समाश्रयण म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द रिग्रेशन. बाकी साऱ्या बाबी आहेत तशाच राहिल्या आणि एकच बाब एका मापाने वाढली, तर फळ कितीने बदललेले दिसते, ते सांगणारा आकडा म्हणजे त्या बाबीचा गुणांक.

बाबी दोन असल्या तर गुणांक ध्यानात राहतात. पाच, पन्नास झाल्या की कोष्टक लांबत जाते, आणि मग आपण काय करतो? जो आकडा मोठा दिसेल त्यावर बोट ठेवतो. फसगत होते ती इथेच. कशी, ते एका खऱ्या हिशेबावरून पाहू.

संख्याशास्त्रासाठी 'आर' नावाची एक संगणकप्रणाली आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ती रचली. ती कुणालाही विनामूल्य घेता येते. तिच्यासोबत सरावासाठी काही माहिती मिळते. त्यात स्वित्झर्लंडमधल्या ४७ फ्रेंच भाषिक प्रांतांची १८८८ च्या सुमाराची माहिती आहे. प्रत्येक प्रांताचा जन्मप्रमाणाचा निर्देशांक दिला आहे आणि सोबत पाच बाबी: शेतीवर असलेले पुरुष शेकडा किती, सैन्यभरतीच्या परीक्षेत सर्वांत वरचा शेरा मिळवणारे किती, भरतीच्या तरुणांत प्राथमिक शाळेपुढे शिकलेले किती, कॅथलिक किती, आणि वर्षाच्या आत दगावणारी मुले किती.

संगणकाला हिशेब करायला सांगितला की गुणांक येतात ते असे: शेती उणे ०.१७, परीक्षा उणे ०.२६, शिक्षण उणे ०.८७, कॅथलिक ०.१०, बालमृत्यू १.०८. आता सांगा बरे, यात वजनदार कोण? वर्गात विचाराल तर निम्मी मुले बालमृत्यू म्हणतील, आणि कॅथलिकांचा आकडा कुणी मोजणारही नाही.

पण माप पाहा. बालमृत्यूचे शेकडा प्रमाण प्रांतागणिक फारसे हलत नाही. त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून मागेपुढे होण्याचे सर्वसाधारण अंतर, सुमारे २.९ आहे. कॅथलिकांचे मात्र ४१.७! कुठे जवळजवळ कुणी नाही, तर कुठे जवळजवळ सारेच. तोळ्याची आणि मणाची वजने एका पारड्यात टाकून कोण भारी हे विचारण्यासारखेच हे झाले. म्हणून प्रत्येक गुणांकाला त्याच्या त्याच्या प्रमाण विचलनाने गुणायचे. मग शिक्षण उणे ८.४, कॅथलिक ४.३, शेती उणे ३.९, बालमृत्यू ३.१ आणि परीक्षा उणे २.१, असा क्रम लागतो. सगळ्यांत लहान दिसणारा कॅथलिकांचा आकडा दुसरा आला, आणि पहिला बालमृत्यू चौथ्या जागी गेला.

आता चित्र. गुरुजी, संगणक नसला तरी फळा आहेच. खाली उणे १२ पासून ८ पर्यंत एक आडवी पट्टी आखा. शून्यावर एक उभी रेघ ओढा. हा आपला बांध. वरच्या क्रमाने पाच ओळी घ्या आणि प्रत्येकीत आकड्याच्या जागी ठिपका द्या. मग ठिपक्याला दोन्ही अंगांना मिशा काढा. आपला आकडा अवघ्या ४७ प्रांतांवरून आलेला, तेव्हा तो थोडा इकडेतिकडे असू शकतो. ती शंका दाखवायला मिशी. शेकडा ९५ विश्वासाच्या मिशा अशा: शिक्षण उणे ११.९ ते उणे ४.८, कॅथलिक १.४ ते ७.३, शेती उणे ७.१ ते उणे ०.७, बालमृत्यू ०.९ ते ५.४, परीक्षा उणे ६.१ ते अधिक २.०.

फळ्याकडे पाहा. चार मिशा बांधाच्या एकाच बाजूला राहिल्या. शेतीची आणि बालमृत्यूची मिशी बांधाच्या अगदी जवळ येऊन थांबली आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल जपूनच बोलावे. परीक्षेची मिशी मात्र बांध ओलांडून पलीकडे गेली. तिचा कल कोणत्या बाजूचा, हे या हिशेबातून ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हणजे परीक्षेचा संबंधच नाही? तसे नव्हे. एकटी परीक्षा हिशेबात घेतली तर तिचा मूळ गुणांक उणे १.०१ येतो, चांगला ठळक. गोम अशी की, ज्या प्रांतात शिकलेले जास्त तिथेच वरचा शेरा मिळवणारेही जास्त; त्या दोहोंचा सहसंबंध सुमारे ०.७० आहे. एका जुवाला जुंपलेल्या दोन बैलांत कोणी किती ओढले, हे गाडी पोचल्यावर कसे सांगावे? म्हणून मिशी लांबते. कोष्टकात हे सहज नजरेतून सुटते, चित्रात लगेच डोळ्यांत भरते.

शिक्षणाचा लांब गेलेला ठिपका पाहून 'शिकलेल्या आईला मुले कमी' असे मात्र कुणी लिहून टाकू नये. ही माहिती प्रांतांची आहे, घरांची नाही. आणि शिक्षण मोजले ते भरतीला आलेल्या तरुण पुरुषांचे, आयांचे नव्हेच.

बाबी शंभर असल्या तरी आर हेच चित्र क्षणात काढून देते, फक्त ठिपके आकाराच्या क्रमाने लावायला सांगावे लागते. पण तेवढ्या गर्दीत आणखी एक पेच असतो. शंभरांपैकी एकीचाही खरा संबंध नसला, तरी सरासरी पाचांच्या मिशा केवळ योगायोगाने बांधापासून दूर राहतील.

आता फळ्यावरची शिक्षणाची ओळ पुसून चालणार नाही. ती वगळली की हिशेब पुन्हा करावा लागतो, आणि उरलेले चारही ठिपके जागा बदलतात.