तळ्याकाठची खडीवाट, सायकलवाले पाहुणे आणि आपला गट

सख्यांनो, सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी डोक्यावर शिरस्त्राण घातलेली, रंगीत कपड्यांतली पाच-दहा माणसं सायकलवरून गावातून जाताना तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी बघितली असतील. पोरं त्यांच्यामागे धावतात, म्हातारी माणसं विचारतात, "एवढे पैसेवाले, मग गाडी का नाही घेत?" या माणसांचा आपल्या बचतगटाशी काय संबंध, ते या लेखात समजून घेऊ. उदाहरण घेऊ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचं, म्हणजे भंडारदरा जलाशयाभोवतीच्या वाटेचं. ज्यांचं गाव धरणाकाठी किंवा घाटमाथ्यावर आहे, त्या सगळ्या जणींना यातलं काही ना काही उपयोगी पडेल.

ही सायकल वेगळी कशी?

सडकेवर पळवायची सायकल बारीक टायरची असते. डांबरावर ती वाऱ्यासारखी जाते, पण खडी आली की घसरते. डोंगरातल्या दगडधोंड्यांवर चालवायची सायकल जाड टायरची आणि जड असते, ती सडकेवर दमवते. या दोघींच्या मधली म्हणजे ग्रॅव्हल बाईक. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हिचं हँडल खाली वळलेलं असतं, टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतो आणि त्यात हवा थोडी कमी ठेवतात. हवा कमी असली की टायर दगडावर थोडा दबतो, त्यामुळे हादरा हाताला आणि कंबरेला कमी बसतो, शिवाय मुरमावर पकड चांगली राहते. चढासाठी हलके गिअर असतात. म्हणूनच थोडं डांबर, थोडा मुरूम, थोडी बैलगाडीची वाट असा मिश्र रस्ता या लोकांना आवडतो. आपण ज्याला "खराब रस्ता" म्हणतो, त्याच्यासाठीच ते लांबून येतात!

मुंबई, पुणे, नाशिक या शहरांत सायकलिंगचे बरेच गट आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली. त्यानंतर नाशिक भागात सायकलची आवड आणखी वाढली. आणि नाशिकहून किंवा इगतपुरी-घोटीहून भंडारदरा काही लांब नाही.

तळ्याभोवतीची वाट

भंडारदऱ्याचं धरण प्रवरा नदीवर आहे. काम १९१० साली सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. भिंत ८२ मीटर उंच. मागे पसरलेल्या पाण्याच्या चारी बाजूंनी सह्याद्री उभा आहे: रतनगड, अलंग-मदन-कुलंगची रांग आणि जवळच राज्यातलं सर्वात उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं.

वाट सुरू होते धरणाजवळच्या शेंडी गावातून. एका अंगानं मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी येते. तिथे अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, जवळच पुष्करणी आहे. पुढे साम्रद. साम्रदच्या खाली सांदण दरी. तिथून घाटघर, जिथे कोकणकड्यावरून जमीन एकदम खाली कोकणात कोसळते. मग उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. सगळी फेरी पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. सायकलवाल्याला थांबत-थांबत चार-पाच तास लागतात. रस्ता कुठे डांबरी, कुठे पावसानं उखडलेला, आणि गावातून पाण्याकडे उतरणाऱ्या वाटा मुरमाच्या.

हा मुलूख असा खडबडीत का? कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साठले आणि त्याचा काळा कातळ झाला. त्या कातळातल्या भेगांमधून पाणी शिरत-शिरत दऱ्या कोरल्या गेल्या. सांदण ही अशीच एक भेग. लांबी सुमारे दोन किलोमीटर, दोन्ही बाजूंना दोनशे-तीनशे फुटांच्या भिंती, आणि काही ठिकाणी इतकी अरुंद की ऊनही नीट पोचत नाही. तिच्यात सायकल जात नाही, पायीच उतरावं लागतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

या पाहुण्याला काय लागतं?

गाडीतून येणारा पाहुणा खाणं, पाणी सगळं सोबत आणतो. सायकलवाल्याला ते जमत नाही. त्याला दर पंधरा-वीस किलोमीटरवर काहीतरी लागतंच. म्हणजे शेंडी सोडली की मधल्या गावांवरच त्याची भिस्त.

*पाणी.* उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं, झाकलेल्या भांड्यात. त्यांच्याकडे बाटली असते, ती भरून द्यायची. त्यामुळे प्लॅस्टिकच्या बाटल्या विकायची गरज राहत नाही आणि कचराही होत नाही. सोबत मीठ-साखरेचं लिंबूपाणी ठेवा. घामावाटे मीठ जातं, पायात गोळे येतात, म्हणून ते लगेच खपतं.

*खाणं.* पोटाला जड नको, पण ताकद देणारं हवं. पोहे, केळी, शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची भाकरी आणि खुरासणीची चटणी, पिठलं, वरण-भात. डांगाणातला घरचा भात, नागली, वरई शहरात शोधून मिळत नाही. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपल्याबद्दल पद्मश्री मिळाली. आपल्या घरात जे पिकतं तेच ताटात वाढा. नूडल्स त्यांना घरीही मिळतात.

*स्वच्छ संडास आणि कपडे बदलायला आडोसा.* सायकलवर येणाऱ्या बायका आता कमी नाहीत. जिथे कडी लागणारा स्वच्छ संडास आहे, तिथेच त्या थांबतात. हे आपल्याइतकं कोण जाणणार?

*हवा आणि पंक्चर.* इथे एक बारीक गोष्ट आहे. या सायकलींच्या नळीचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा पातळ मानेचा असतो, त्याचं टोक थोडं सैल करून मग हवा भरतात. आपल्या गावातला पंप त्यावर बसत नाही. त्यासाठी एक छोटी पितळी टोपी मिळते, किंमत अगदी थोडी. ती टोपी, उभा पंप, पंक्चरचे ठिगळ आणि चेनसाठी तेल एवढं ठेवलं तरी अडलेला माणूस दुवा देतो. हेच सामान आपल्या मुलींच्या शाळेच्या सायकलींनाही कामी येतं. पंक्चर काढायला घरातली आठवी-नववीतली मुलगीही शिकू शकते.

*सायकल राखण.* सांदण बघायला दरीत उतरायचं, तर सायकल कुठे ठेवायची? यातल्या काही सायकलींची किंमत लाखाच्या वर जाते. अंगणात सावलीला दोरी बांधून, नंबरची चिठ्ठी देऊन सायकली सांभाळणं हासुद्धा धंदा आहे. भांडवल जवळजवळ शून्य.

हिशेब असा मांडा

पुढचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरले आहेत. तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला.

समजा पंधरा जणांचा नाश्ता आहे. दर ८० रुपये धरला तर येणे १,२०० रुपये. आता खर्च: सामान माणशी ३५ प्रमाणे ५२५, गॅस १००, दोघींची मजुरी २०० प्रमाणे ४००. एकूण १,०२५. उरले १७५ रुपये. आपण मजुरी धरतच नाही आणि म्हणतो, "पावणेसहाशे सुटले!" पण मजुरी धरली की कळतं, हा दर परवडत नाही. १०० रुपये दर केला तर येणे १,५०० आणि उरतात ४७५. यातला ठरलेला हिस्सा गटाच्या खात्यात, बाकी काम करणारीला, हे आधीच ठरावात लिहून घ्या. नंतर भांडण नको.

दर पाटीवर लिहा, सगळ्या घरी एकच ठेवा. एका घरी ८०, शेजारी ६० असं झालं की पाहुणे घासाघीस करतात आणि नुकसान दोघींचंही होतं. मोठा गट येणार असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या. आलेच नाहीत तर केलेला स्वयंपाक आपल्या अंगावर पडतो.

कागदपत्रं आणि योजना

खाणं विकायचं तर छोट्या व्यवसायासाठीची अन्न नोंदणी काढावी लागते, तिचं शुल्क वर्षाला शंभर रुपये. मुक्कामाची सोय करणार असाल तर ग्रामपंचायतीत नोंद करा आणि पाहुण्यांच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. राज्य सरकारनं २०२३ मध्ये पर्यटनातल्या महिलांसाठी 'आई' धोरण आणलं. त्यात महिलांच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी हप्ते वेळेवर भरावे लागतात. पण एकदम मोठं कर्ज काढू नका. आधी एक हंगाम गटाच्या अंतर्गत कर्जातून चालवून बघा.

सांभाळायच्या गोष्टी

पावसाळ्यात घाटघर भागात पाऊस धो-धो कोसळतो. वरती पाऊस झाला की सांदणमध्ये बघता-बघता पाणी भरतं. त्या दिवसांत कुणी कितीही पैसे दिले तरी दरीत वाट दाखवायला जायचं नाही, घरच्या पोरालाही पाठवायचं नाही. सायकलचा चांगला काळ दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत.

मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला काजवे येतात. त्यांची जोडी जमते ती उजेडाच्या खुणेवर. बॅटरी आणि दिवे पाडले की त्यांचा माग चुकतो. म्हणून त्या रात्री झाडांखाली सायकल नाही, गाणी नाहीत. अभयारण्याचे नियम, प्रवेश शुल्क, चूल पेटवायची बंदी हे पाहुण्याला आपणच आधी सांगावं. जंगल राहिलं तरच पाहुणा पुन्हा येईल.

घाटावर मोबाईलची रेंज जाते-येते. १०८ आणि ११२ हे नंबर पाटीवर लिहा, आणि रेंज कुठे येते ती जागाही लिहा. आणि एक आपल्यासाठी: अनोळखी पाहुणे असतील तेव्हा घरी एकटीनं सोय करायची नाही, दोघी-तिघींनी मिळूनच करायची.

पुढच्या बैठकीत

तुमचं गाव अशा वाटेवर असेल तर येत्या बैठकीत तीन प्रश्न घ्या. आपल्या गावातून दर रविवारी किती सायकली जातात, हे चार रविवार कोण मोजेल? पाणी, खाणं, राखण यातलं आपण पहिल्यांदा कोणतं एकच काम घेणार? आणि शेजारच्या गावचा गट काय करणार? एका गावानं नाश्ता, दुसऱ्यानं जेवण, तिसऱ्यानं सायकल राखण असं ग्रामसंघात वाटून घेतलं, तर पन्नास किलोमीटरच्या फेरीत प्रत्येक गावाच्या वाट्याला काम येतं. आकडे मोजून झाले की प्रभागसंघाच्या बैठकीत घेऊन या, तिथे बसून दर ठरवू.